मास्तरणीची अर्धशिशी

कारखान्यात तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेशी तिचा संबंध फार लवकर सुटला होता. ती कापड कापायची. गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात शिलाईला बायका आणि कटिंगला पुरुष अशी वाटणी पहिल्यापासून होती. जुना कटिंग मास्तर थकून घरी बसला तेव्हा मालकानं नाइलाजानं मशीन तिच्या हाती दिलं, आणि पुढं ते परत घ्यायचा विषयच निघाला नाही. लांबच लांब टेबलावर कापडाचे थर एकावर एक पसरायचे, वर पुठ्ठ्याचा साचा ठेवून खडूनं रेघ ओढायची, आणि उभ्या पात्याचं मशीन त्या रेघेवरून हळूहळू पुढं न्यायचं. एका दमात शंभर बाह्या निघतात. चुकलं तर शंभर बाह्या वाया जातात. तिचं क्वचितच चुकायचं.

समोरच्या बाजूला थर दाबून धरायला तिची नणंद असायची. नवऱ्याची थोरली बहीण. स्वतःच्या नवऱ्यानं टाकल्यावर भावाच्या घरी आली ती तिथलीच झाली. कारखान्यात मास्तरणीनंच तिला लावून घेतलं होतं. दोघी सकाळी एकत्र निघायच्या, संध्याकाळी एकत्र परतायच्या, आणि वाटेत बहुतेक भांडायच्या. भांडण मोठं कधीच नसायचं. गॅस कुणी चालू ठेवला, दोरीवरचे कपडे कुणी काढले नाहीत, असलं काहीतरी. नणंदेची जीभ तिखट होती, पण थर धरताना तिचा हात इंचभर हलत नसे. त्यामुळे टेबलापाशी दोघींचं छान जमायचं.

मास्तरणीला अर्धशिशी तशी तरुणपणापासूनच होती. पाळी यायच्या आदल्या दिवशी डोकं धरायचं आणि झोप झाली की सोडायचं. आता सासरी असलेल्या मुलीच्या वेळी दिवस गेले तेव्हा तर ते गायबच झालं होतं. पाहुण्यासारखं ठरल्या वेळी येणारं दुखणं, त्याचं तिला फारसं काही वाटत नसे. चाळिशी उलटून बरीच वर्षं गेली आणि पाळीचा ताळतंत्र सुटला. कधी पंधरवड्यात दोनदा, कधी दोन-तीन महिने पत्ताच नाही, आणि आली की धो धो. त्याबरोबर डोक्याचाही ताळतंत्र सुटला. आता ते कधीही यायचं आणि लवकर जायचं नाव घ्यायचं नाही. एका डोळ्याच्या मागं कुणी सळई फिरवतंय असं वाटायचं. तेलात कांदा पडल्याचा वास आला की पोटात ढवळायचं. शिलाई मशीनांची घरघर, जी तिला इतकी वर्षं ऐकूसुद्धा येत नव्हती, ती कवटीच्या आतून यायला लागली.

घरी येऊन ती पडदा ओढून पडायची. मग बाहेरच्या खोलीतून नणंदेचा आवाज यायचा.

"पडल्या राणीसाहेब. आमचीपण पाळी गेलीच की. कधी गेली तेसुद्धा कळलं नाही."

"वन्सं, थोडं हळू बोला."

"आता बोलायचंपण नाही. भांडी मीच घासते, पण त्यांचा आवाज होईल, चालेल ना?"

नवरा मध्ये पडत नसे. दोघींच्या मध्ये पडणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, असं तो मित्रांना सांगायचा.

तीन डॉक्टर करून झाले. एकानं चष्मा बदलायला लावला. दुसऱ्यानं नाकामागच्या हाडाचा फोटो काढला आणि त्यात काही निघालं नाही म्हणून चिंता करू नका असं सांगितलं. तिसऱ्याकडे ती पाळीसाठी गेली. त्यानं पाळी नियमित करायची म्हणून हार्मोनच्या गोळ्या दिल्या. डोक्याचं तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. डोक्यासाठी तिचा स्वतःचा उपाय होता: कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातली वेदनाशामक गोळी. आधी दुखलं की घ्यायची. मग दुखेल म्हणून घ्यायला लागली. शेवटी सकाळी चहाबरोबर एक आणि दुपारी डब्यानंतर एक, असं ठरूनच गेलं. गोळी घेतली की डोकं दोन तास गप्प बसायचं आणि मग गोळीसाठीच दुखायला लागायचं. हे तिला कळत नव्हतं. तिला वाटायचं, गोळ्या आहेत म्हणून तर उभी आहे.

त्या हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्यावर आणखी एक गोष्ट व्हायला लागली. डोकं दुखायच्या आधी नजरेच्या कडेला काहीतरी लखलखायचं, करवतीच्या दात्यांसारखं. ते पसरत जायचं आणि अर्ध्या तासात विरायचं. नंबर पुन्हा वाढला असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. मालकाला सांगायची सोय नव्हती. बाईला मशीन देऊन चूक केली, असं म्हणायला कारखान्यातले दोन पुरुष टपलेलेच होते. आणि नणंदेला सांगायचं म्हणजे नवा विषय मिळवून द्यायचा.

शाळा उघडायच्या आधीचे दिवस होते. कामाचा ढीग पडला होता. त्या सकाळी घरून निघताना दोघींचं वाजलं होतं आणि या वेळी गॅस-कपड्यांपेक्षा जरा खोल गेलं होतं. नणंद म्हणाली होती, "माझ्या भावाच्या घरात मी तुझ्या मेहरबानीनं राहत नाही." मास्तरणीनं उत्तर दिलं होतं, "मग माझ्या मेहरबानीनं मिळालेल्या कामावर तरी कशाला येता?" वाटेत कुणी कुणाशी बोललं नाही.

टेबलावर निळ्या कापडाचे थर लागले होते. मशीन सुरू करताना मास्तरणीला ते दाते दिसले, या वेळी नजरेच्या मध्याजवळ, बारीक. आता थांबलं तर दुपारपर्यंतचं काम अडेल, असा विचार तिनं केला आणि मशीन पुढं ढकललं. रेघ दिसत होती. रेघेच्या पुढं निळं कापड दिसत होतं, सपाट, मोकळं. तिथं हात नव्हता.

मग नणंद ओरडली. एकदाच.

डाव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं, मधल्या पेरापासून. मास्तरणीनं मशीन बंद केलं, ओढणीनं तो हात घट्ट बांधला, रिक्षा बोलावली, सगळं नीट केलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात पोचल्यावर डोकं फुटायला लागलं आणि ती भिंतीला धरून ओकली. रक्त बघून घाबरली, असं लोक म्हणाले.

संध्याकाळी नणंद शुद्धीवर आली. भाऊ उशाशी बसला होता, मास्तरीण पायाशी उभी होती. नणंद बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग भावाला म्हणाली, "ही बघत होती."

"काय?"

"माझ्या हाताकडे बघत होती. नजर सरळ माझ्या हातावर होती. आणि मशीन आणलं."

  मास्तरीण बघत होती हे खरंच होतं. तिनं स्वतःशीच ते पुन्हापुन्हा घोळवून पाहिलं होतं. डोळे उघडे होते, मान त्याच दिशेला होती, आणि हात दिसला नव्हता. असं कसं होईल? आपल्या मनात कुठंतरी ते होतं का? सकाळचा राग हातात उतरला का?  नवऱ्यानं तिला काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तो बहिणीच्या खोलीत चहा स्वतः नेऊन द्यायला लागला.

मालकानं चौकशी केली. मशीन सरकलं, असं मास्तरणीनं सांगितलं. त्यानं कटिंगवर दुसरा माणूस ठेवला आणि तिला घरी बसायला सांगितलं. घरात आता कुणी भांडत नव्हतं. नणंद तिच्या हातचं जेवायची, पण ताट ठेवून मास्तरीण बाहेर गेल्यावरच जेवायची.

पट्टी बदलायला न्यायची वेळ आली. भावाला सुट्टी नव्हती, म्हणून नणंदेला हिच्याबरोबर जावं लागलं. दोघी बाकावर मध्ये एक जागा सोडून बसल्या. त्यात मास्तरणीचं डोकं उठलं. वरच्या ट्यूबलाइटकडे बघवेना, फिनेलच्या वासानं घशाशी यायला लागलं. तिनं पर्समधून दोन गोळ्या काढून पाण्याशिवाय गिळल्या. पट्टी बदलणारी सिस्टर ते बघत होती.

"दिवसाला किती घेता?"

"लागतील तेवढ्या."

"पाळी चालू आहे का?"

"चालू म्हणजे... तिच्या मनाला येईल तशी."

सिस्टरनं पट्टी संपवली आणि दोघींनाही पलीकडच्या खोलीत पाठवलं. तिथं एक वयस्क डॉक्टरीणबाई बसत. "तुम्ही बाहेर थांबा" असं नणंदेला कुणी म्हटलं नाही, म्हणून तीही आत जाऊन बसली. बाईंनी घाई केली नाही. कधीपासून, पाळीच्या आधी की नंतर, दिवस गेले होते तेव्हा काय झालं, आईला होतं का, सगळं विचारलं. मग सध्याच्या गोळ्या बघायला मागितल्या. हार्मोनच्या गोळ्यांची पट्टी हातात घेतल्यावर त्या थांबल्या.

"डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर काही येतं?"

मास्तरीण पर्सची चेन ओढत बसली. नणंद बाजूलाच होती.

बाईंनी कागदावर पेननं एक वाकडी रेघ काढली, दाते-दाते असलेली, अर्ध्या चंद्रासारखी. "असं काही?"

तो कागद बघून मास्तरणीला रडू फुटलं. आजवर तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि या बाईनं ते काढून दाखवलं होतं.

"आणि या दात्यांच्या आत काय दिसतं?"

"काही नाही. म्हणजे... तिथलं दिसत नाही, पण दिसत नाही हेसुद्धा कळत नाही."

"बरोबर. तेवढा तुकडा पुसला जातो आणि आजूबाजूला जे असेल त्यानं मेंदू ती जागा भरून काढतो. भिंत असेल तर भिंत दिसते."

नणंदेनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "कापड असेल तर?"

"तर कापड."

"आणि कापडावर हात असला?"

बाईंनी पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं, मग मास्तरणीकडे. त्यांना कळलं असावं. "डोळे त्या हाताकडेच वळलेले असले, तरी दिसणार नाही," त्या म्हणाल्या.

 नंतर बाईंनी गोळ्यांचं सांगितलं. या वयात हार्मोन झोक्यासारखे वरखाली होतात, त्या झोक्यानं डोकं उठतं. असे दाते दिसणाऱ्या बाईला ही हार्मोनची गोळी देणं धोक्याचं, अर्धांगवायूची भीती असते. ती आजपासून बंद. आणि रोजची वेदनाशामकही बंद, कारण आता तीच डोकं दुखवते आहे. ती सोडल्यावर आधी फार त्रास होईल, मग उतरेल. रोज रात्री घ्यायची एक साधी गोळी दिली, दुखणं येऊच नये म्हणून. आणि आलंच तर सुरुवातीलाच घ्यायची दुसरी, आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस, जास्त नाही.

बाहेर आल्यावर नणंद म्हणाली, "सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगणार होते?"

 बसमध्ये नणंद तिच्या शेजारच्या सीटवर बसली.

पुढचे दिवस वाईट गेले. गोळी बंद होताच डोक्यानं सगळा जुना हिशेब काढला. मास्तरीण अंधाऱ्या खोलीत कुशीवर पडून राही, पाणीसुद्धा पोटात ठरत नसे, एकदा तर तिनं नवऱ्याला दुकानातून गोळ्या आणायला विनवलं आणि तो चपला घालून निघालाही. नणंदेनं त्याला दारात अडवलं. "ज्याचं जळतं त्यालाच कळतं, मला मान्य आहे. पण आज आणलंस तर पुन्हा पहिल्यापासून." ती एका हातानं रुमाल पिळायची. तो नीट पिळला जात नसे; थेंब उशीवर पडत. तोच रुमाल ती कपाळावर ठेवायची आणि तिथंच बसून राहायची.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. त्याप्रमाणे ते गेलं, महिन्यामहिन्यानं थोडं थोडं. अधूनमधून एखादा झटका यायचा. ती वेळेवर गोळी घेऊन पडायची, आणि बाहेरच्या खोलीत टीव्ही बंद व्हायचा. दाते क्वचित दिसले. पुढं पाळी कायमची थांबली, आणि एक-दोन वर्षांनी डोकंही जवळजवळ थांबलं.

मधल्या काळात मालकानं तिला परत बोलावलं. नवा माणूस कापड फार वाया घालवत होता. ती गेली, टेबलापाशी उभी राहिली, मशीनला हात लावला, आणि मला नाही जमणार असं सांगून घरी आली. आता ती घरीच कपड्यांची दुरुस्ती करते, कात्रीनं, एकावेळी एक कापड. नणंदेला तीन बोटांच्या हातावर कुणी काम दिलं नाही.

दोघी आता भांडतात, पण पूर्वीसारखं नाही, मध्येच थांबतात. माफ केलं असं नणंद कधी म्हणाली नाही, आणि हिनं मागितलंही नाही.

एका दुपारी मास्तरीण कापडाची कड दुमडून हेम घालत होती. नणंद खिडकीपाशी बसून डावा हात उजव्या हातात घेऊन दाबत होती. बराच वेळ दाबत होती.

"काय झालं, वन्सं?"

"काही नाही."

"सांगा."

नणंद जरा अडखळली. "दुखतंय. मधलं बोट. टोकाला, नखाखाली." मग हसली, पण ते हसू टिकलं नाही. "आहे कुठं ते दुखायला? वेड लागलंय मला."

मास्तरणीनं सुई कापडात टोचून ठेवली. "कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

"रोज?"

नणंदेनं मान डोलावली.

मास्तरीण उठली, तिच्यापाशी जमिनीवर बसली आणि तो हात आपल्या हातात घेतला. जिथं मधलं बोट संपलं होतं तिथं अंगठा ठेवला. "इथून पुढं? की बाजूनं?"

"पुढं. जळल्यासारखं होतं."

"उद्या जाऊ दवाखान्यात," मास्तरीण म्हणाली. "त्याच बाईंना विचारू, याला कोण बघतं ते."

"हसतील गं."

"हसू देत."

तिनं तो हात तसाच धरून ठेवला. नणंद खिडकीबाहेर बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं.