मारुतीच्या नावावर खपवलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. मग तुम्हालाच का? — माहीत नाही. सांगून टाकतो, एवढंच.

मी कॉलेजात मराठी शिकवतो, राहतो शुक्रवार पेठेत. इथल्या एका व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरबाईंना दारूची ओढ मोजायची इंग्रजी प्रश्नावली मराठीत हवी होती. मी करून दिली. ‘मद्यपानासाठी मी कोणत्याही थरास जाईन’ — असली छापील वाक्यं. पेशंटना वाचून दाखवली की ते सज्जनासारखे म्हणायचे, "न्हाय बा, आमी तसले न्हाय."

एका रविवारी घरी ते वाक्य मोडून नव्यानं लिहीत बसलो होतो. बदलता बदलता लिहिलं, ‘घराबाहेर पडायला निमित्त हवं, म्हणून मी घरच्यांशी भांडण उकरून काढतो.’ वाचलं — आणि हादरलोच. हे कुणाचं? माझंच की! भाजी अळणी, शर्टाला इस्त्री नाही — आरडाओरडा करायचा, चपला घालायच्या आणि थेट बार गाठायचा. येताना तोंडात पान. इतकी वर्षं मी स्वतःला नुसता तापट समजत होतो. बायको अजूनही तसंच समजते.

बाईंना ते वाक्य फार आवडलं. "सर, हे कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं. वाक्य बदललं की कुठल्या पेशंटच्या बोलण्यावरून बदललं, ते सांगायची पद्धतच होती. मी जरासुद्धा अडखळलो नाही. म्हणालो, "मारुती."

का मारुती? समोरच्या बाकावर बसला होता म्हणून. दुसरं काही कारण नाही.

मारुती वैरागकडचा, शेळ्यामेंढ्या राखणारा. लेकीच्या साखरपुड्याला शुद्धीत बसायचं म्हणून आपल्या पायांनी भरती झालेला. त्याला एक-दोन दिवसांत सोडणार होते. बाई विचारात पडल्या — अजून एवढी ओढ असताना याला पाहुण्यारावळ्यांत कसं सोडायचं? त्याला ते वाक्य ऐकवून त्यांनी त्याचं घरी जाणं लांबवलं. तेव्हाही मला बोलता आलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, मारुती नाही तर कोण? त्या एका प्रश्नाला मी भ्यालो.

साखरपुडा चुलत्यानं उरकला. पाहुण्यांनी बाप कुठाय म्हणून विचारलं, आणि पोरगी आत जाऊन रडत बसली.

त्यानंतर मारुती मला केंद्राच्या व्हरांड्यात भेटला. वाटलं, आता गचांडी धरतो. धरायलाच हवी होती. तो हळूच म्हणाला, "सर, ते भांडनाचं मी कवा म्हणलो वो?"

मग तोच म्हणाला, "म्हणलो आसंन की. हितं आलो तवा चार दिस मला शुद्धच नव्हती. तुमी कशाला खोटं सांगताल?"

माणसानं स्वतःवर अविश्वास ठेवला, आणि माझ्यावर विश्वास! मी काय केलं? मान डोलावली. हो — डोलावली.

घरी आलो. वरणात मीठ कमी आहे म्हणून बायकोवर ओरडलो आणि चपला घातल्या.