डाव्या हाताचं कुंपण

सहादू पगारे हा माणूस नियमाचा. अंबडच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं लेथवर काढली, आणि निवृत्त झाल्यावरही एखादी वस्तू केसभर इकडची तिकडे झालेली त्याला खपायची नाही. कॉलनीतल्या बुद्धविहाराची किल्ली त्याच्याकडे असे. तिथल्या चटया तो दोरी लावून अंथरतो, असं कॉलनीतली पोरं म्हणत. असा माणूस शेजारी असणं सुखाचं की तापाचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पाथर्डी फाट्याकडची ही कॉलनी पूर्वी द्राक्षबाग होती. बागेचा मालक सावळीराम याने बाग काढून प्लॉट पाडले आणि द्राक्षांच्या मांडवाचेच जुने लोखंडी अँगल नि तारा वापरून दर दोन प्लॉटांमध्ये कुंपण घालून दिलं. विकताना एक अट तोंडी सांगितली, की डाव्या हाताचं कुंपण ज्याचं त्याने सांभाळायचं. यात न समजण्यासारखं काय होतं? सहादूने आपल्या दारात रस्त्याकडे तोंड करून उभं राहून डावा हात पाहिला. शेजारच्या सलीमने रस्त्यावर उभं राहून घराकडे तोंड करून पाहिला. दोघेही शब्दाला जागणारे. दोघांनी आपापल्या डाव्या कुंपणाला वर्षानुवर्षं रंग दिला, तारा ताणल्या, गंज घासला. दोघांच्या मधलं कुंपण मात्र दोघांच्याही मते दुसऱ्याचं होतं. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्याची गत झाली, आणि तीन वर्षांपूर्वीच्या वादळात परसाकडचं चार हात कुंपण आडवं पडलं. सावळीराम तोवर वारला होता, त्यामुळे डावं म्हणजे कुठून डावं, हे विचारायची सोय उरली नव्हती.

गंमत अशी की सलीमचा धंदाच दिंडोरीकडच्या मोडलेल्या बागांचे अँगल नि तार विकत घेऊन विकण्याचा. त्याच्या अंगणात ढीग पडलेले असत. मनात आणलं असतं तर अर्ध्या दिवसाचं काम. सहादूलाही ते जड नव्हतं, सगळी हत्यारं घरात होती. पण गाडी डाव्या हाताशी अडली आणि तिथेच रुतली. आधी बोलाचाली झाली, मग बोलणं बंद झालं. कॉलनीतल्या दोन-चार रिकामटेकड्यांनी याला जातधर्माचा रंग द्यायचा प्रयत्न करून पाहिला, तेव्हा दोघांनीही त्यांना आपापल्या दारातून हाकलून दिलं. भांडण त्यांचं होतं आणि ते कुंपणाचं होतं, दुसऱ्या कशाचं नव्हतं.

याच तीन वर्षांत सहादूच्या घरात दुसरं दुखणं वाढत होतं. त्याची बायको लताबाई विसरू लागली. आधी भाजीतलं मीठ विसरली, मग दिवस विसरली, मग पुण्याहून आलेल्या मुलाला, सनीला, दारात बघून सहादूच्या मागे लपली. पुढे बोलणंच थांबलं. सहादूने चहा दिला तर प्यायची, हात धरला तर चालायची, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, या आजारात भाषा जाते. सहादूने तेही नियमासारखं मान्य केलं. रोज सकाळी तिचं सगळं आवरून, पुढच्या दाराला बाहेरून कडी लावून तो दहा ते एक विहारात जायचा. परसातल्या मोरीसाठी म्हणून मागचं दार उघडं ठेवायचा.

एका दुपारी लताबाई घरात नव्हती. फाट्यावरच्या रसवंतीपाशी अनवाणी उभी सापडली, पायांना फोड आलेले. पुढचं दार बंद, परसातून रस्त्याला दुसरी वाट नाही, म्हणजे ती पडलेल्या कुंपणातून सलीमच्या परसात गेली असणार आणि त्याच्या फाटकातून रस्त्यावर. हे खरंच होतं. तो तसाच सलीमच्या दारात गेला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलला. सलीमने आधी ऐकून घेतलं, पण शेवटी पुन्हा डाव्या हातावरच आला. मग सहादूने उचलली जीभ लावली टाळ्याला.

"माझी बाई तुमच्या हद्दीतून रस्त्यावर गेली, सलीमभाई. उद्या तिला काही झालं तर मी पोलिसांत तुमचं नाव देईन."

सलीमचा चेहरा उतरला. पोलिसांचं नाव निघाल्यावर त्याच्यासारख्या माणसाला किती घाबरायला होतं, हे सहादूला ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्याच दिवशी सलीमने आपल्याच ढिगातले अँगल रोवले आणि चार हातांची ती जागा पुरुषभर उंच पत्र्यांनी बंद केली. पलीकडचं काही दिसेना. आपण जिंकलो, असं सहादूला वाटलं. विहारात त्याने दोघातिघांना सांगितलंही.

त्या दिवसापासून लताबाई पत्र्यापाशी जाऊन उभी राहू लागली. तळहाताने पत्रा थापटायची, थांबायची, पुन्हा थापटायची. सहादू तिला आत आणून बसवायचा, की ही परत पत्र्याकडे. आठवडाभराने तेही थांबलं. घास तोंडात धरून बसू लागली, मान खाली ती खालीच. आजार पुढे सरकला, असं सहादूने सनीला फोनवर कळवलं.

बाविसाव्या दिवशी पुढच्या दाराची कडी वाजली. सलीमची बायको सितारा दारात उभी होती. ती आत आली नाही. नवऱ्याला सांगून आले आहे, एवढं आधी बोलली, आणि मग तिने विचारलं, लताताई बऱ्या आहेत ना, इतके दिवस आवाज नाही.

"बाई, तिचा आवाज जाऊन दीड वर्ष झालं," सहादू म्हणाला.

"नाही हो भाऊ," सितारा म्हणाली. "माझ्याशी रोज बोलायच्या."

मग तिने उंबऱ्याबाहेर उभ्यानेच सगळं सांगितलं. सहादू विहारात गेला की लताबाई पडक्या कुंपणातून यायची आणि सिताराच्या मागच्या ओट्यावर बसायची. मेथी निवडायची, वाटाणे सोलायची आणि बोलत राहायची, पण अहिराणीत. लताबाईचं माहेर नामपूर, सितारा तिथूनच दोन कोसांवर वाढलेली. शहरात येऊन शिकलेली मराठी लताबाईच्या डोक्यातून पुसली गेली होती, पण लहानपणची बोली शाबूत होती. सिताराला लताबाई आपली थोरली बहीण, अक्काच समजायची. फाट्यावर सापडली त्या दिवशी सितारा लग्नाला गेली होती. ओट्यावर कोणी नाही म्हणून अक्काला शोधत ती रस्त्यावर गेली.

"हे मला सांगायचं ना," सहादू कसाबसा म्हणाला.

सितारा म्हणाली, "त्याच नको म्हणायच्या. म्हणायच्या, आपली बोली धन्यासमोर बोलू नको, तो हसतो. आणि नंतर तुम्ही पोलिसांचं बोललात."

सहादूला चाळीस वर्षांपूर्वीची लग्नानंतरची पहिली दिवाळी आठवली. दिंडोरीला त्याच्या वडिलांच्या घरात सगळे जेवायला बसले होते आणि नवी सून 'आहे'ला 'शे, शे' म्हणत बोलत होती. तो हसला होता, भावांनाही त्याने हसवलं होतं. पुढच्या सहा महिन्यांत तिने ती बोली अशी टाकली, की बायको हुशार आहे असं तो सगळ्यांना कौतुकाने सांगत राहिला. आता तिच्याकडे फक्त तीच बोली उरली होती, आणि दीड वर्षं ती त्याच्यासमोर तोंड मिटून बसली होती. रागच यावा असा हा माणूस. पण त्या दुपारी तो दाराची चौकट धरून जसा रडला, ते पाहून सितारानेही डोळ्यांना ओढणी लावली.

तो लताबाईला हात धरून पुढच्या फाटकाने सिताराच्या मागच्या ओट्यावर घेऊन गेला. सितारा तिच्यासमोर बसली, गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "जेवनी का व माय?"

लताबाईने तिच्याकडे पाहिलं. मग परक्या बाईसमोर घेतात तसा तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि खाली बघत राहिली. सिताराने नामपूरच्या बाजाराचं विचारलं, आईचं विचारलं. लताबाई उठून सहादूच्या मागे जाऊन उभी राहिली. बावीस दिवसांत तिच्या डोक्यातली ती एवढीशी वाटही बुजून गेली होती.

संध्याकाळी सहादू पाना घेऊन परसात गेला, तर पलीकडून सलीम आधीच बोल्ट सैल करत होता. दोघांनी मिळून पत्रे काढले. कुणाचा डावा हात, हा विषय कोणीच काढला नाही. सहादूने पोलिसांच्या त्या बोलण्याची माफी मागितली. सलीम म्हणाला, राहू द्या पगारेभाऊ, आणि काढलेले पत्रे आपल्या ढिगावर टाकून आला.

त्यानंतर रोज सकाळी सितारा त्या मोकळ्या जागेतून येते आणि लताबाईपाशी बसून बोलते. लताबाई उत्तर देत नाही. सहादूने विहाराची किल्ली दुसऱ्याला देऊन टाकली. पहिल्याच दिवशी त्याने सिताराला विचारलं होतं, माझं चुकलं हे तुमच्या बोलीत कसं म्हणायचं. तिने सांगितलं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाने ते पाठ्यपुस्तकातल्यासारखं घोकलं. आता दुपारी तो वरणभाताचा घास करतो, लताबाईच्या ओठांशी धरतो आणि प्रत्येक घासाला हळूच म्हणतो, "मनं चुकनं व." सितारा म्हणते, आता त्याला ते अगदी नामपूरच्या माणसासारखं जमतं. लताबाई कधी घास घेते, कधी घेत नाही.