बत्तीस नंबरची कंबर

"पँट कितीची घालता?"

"बत्तीस."

"चला, पुढचे."

मी दारातच थांबले. हातातलं बीपीचं मशीन टेबलावर जरा जोरातच ठेवलं गेलं. लॅबचा टेक्निशियन खुर्चीत बसून फॉर्म भरत होता. 'कंबरेचा घेर' या रकान्यात त्यानं ३२ लिहिलं. समोरच्या माणसाकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मोजायची टेप टेबलावरच होती. प्लास्टिकच्या पाकिटात, न फोडलेली.

मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात नर्स आहे. बावीस वर्षं झाली. गळीत हंगामाच्या तोंडावर, बॉयलर पेटायच्या आधी, सगळ्या कामगारांचं मेडिकल होतं. बाहेरची एक लॅब येते, दोन दिवसांत सगळं उरकून जाते. मग फॉर्म माझ्या टेबलावर येतात. रकाने भरलेत ना एवढं बघून मी सही करते, माझ्या सहीवर डॉक्टर सही करतात. एरवी हा कॅम्प गेस्ट हाऊसच्या हॉलमध्ये असतो. या वर्षी तिथं रंगकाम निघालं, म्हणून टेबलं आमच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात लागली. नाहीतर मला हे कधी कळलंच नसतं.

"तुम्ही कंबर विचारून लिहिता?" मी म्हणाले.

"मॅडम, माणशी दोन मिनिटं असतात. सगळीकडे असंच चालतं."

माझं डोकंच फिरलं. अहो, आमच्याकडचा माणूस पँट घालतो कुठे? पोटाच्या खाली. पोट पुढे आलं की पट्टा आणखी खाली सरकतो, नंबर तोच राहतो. वर अभिमानानं सांगणार, लग्नापासून बत्तीसच हाय. कंबर मोजायची बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता. त्या जागेचा आणि पँटच्या नंबराचा काही संबंध नाही.

ही कंबर एवढी महत्त्वाची का, तेही सांगते. खाल्लेलं अन्न शरीर नीट वापरतंय की नुसतं साठवतंय, याला मेटाबॉलिक हेल्थ म्हणतात. ती बघायला मोठं मशीन लागत नाही. पाच गोष्टी बघायच्या. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या वर, बाईची ऐंशीच्या वर, ही पहिली. बीपी एकशेतीस-पंच्याऐंशी किंवा वर. उपाशीपोटी शुगर शंभर किंवा वर. ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली एक चरबी, दीडशे किंवा वर. आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पुरुषाचं चाळीसच्या खाली, बाईचं पन्नासच्या खाली. पाचापैकी तीन बिघडल्या की माणसानं सावध व्हायचं. लॅबचा कॉम्प्युटरही हेच मोजतो. तीन भरल्या तर लाल खूण, दोनच असतील तर 'फिट'.

आणि त्यातली एक हे लोक विचारून लिहीत होते.

पुढे सरकलेल्या माणसाला मी परत बोलावलं. दत्तू. ऊस यार्डातला क्रेन ऑपरेटर. उसाची अख्खी मोळी ट्रॉलीतून उचलून गव्हाणीत टाकणारा, हात एकदम साफ. हातपाय काटकुळे, त्यामुळे याला काही असेल असं कुणाच्या मनात येणार नाही. अकरा हंगाम हंगामी म्हणून काढलेले. या वर्षी कायम करायच्या यादीत त्याचं नाव होतं, आणि त्याला फक्त फिट फॉर्म हवा होता.

टेक्निशियनची ती टेप हातात घ्यायचीसुद्धा मला चीड आली. साखरेची पोती शिवायचा दोरा दवाखान्यात पडलेला असतो, तो घेतला. दत्तूच्या टाचेपासून डोक्यापर्यंत मापून तोडला, दुमडून निम्मा केला आणि बेंबीवरून त्याच्या पोटाभोवती फिरवला. ही घरच्या घरी करायची साधी परीक्षा आहे. आपल्या निम्म्या उंचीत आपली कंबर मावली पाहिजे. दत्तूच्या पोटावर दोऱ्याची दोन टोकं भेटेनात. मध्ये चांगलं हातभर नाही, पण वीतभराला थोडंच कमी अंतर राहिलं.

"श्वास सोड आधी."

"सोडलाय की, सिस्टर."

मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसला. "हे कधीपासून?"

"मळ हाय तो. बायको दगडानं घासती. निगत न्हाई."

"तो मळ नाही. साखर नीट वापरली जात नसली की मान अशी काळी पडते. चहा पिऊन आलास?"

"चा घेतला. खाल्लं काय न्हाई, उपाशीच हाय."

दोन चमचे साखरेचा चहा पिऊन हे उपाशी! तेही टेक्निशियननं विचारलेलं नव्हतं. मी बीपी घेतलं. एकशे अठ्ठावन्न, अठ्ठ्याण्णव. पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतलं. तेवढंच. मग त्याला सही करायला कागद दिला, तर त्यानं मान डावीकडे वळवून उजव्या डोळ्यासमोर कागद धरला.

मी त्याचा उजवा डोळा हातानं झाकला. "भिंतीवर काय लिहिलंय?"

तो म्हणाला, "धुरकाट दिसतं. आखाडापासनं. म्या म्हन्लं चष्मा लागला आसंल."

शुगर आणि बीपी वाढलं की डोळ्याच्या पडद्यावर जातं. मी कपाट उघडलं आणि त्याचे गेल्या तीन वर्षांचे फॉर्म काढले. शेजारी शेजारी ठेवले. शुगर एकशे सात, एकशे चौदा, एकशे बावीस. दर वर्षी वर. बीपी तिन्ही वेळा एकशेतीसच्या पुढं. चरबी ठीक. म्हणजे दर वर्षी दोन. कंबर बत्तीस, बत्तीस, बत्तीस. ती खरी लिहिली असती तर तीन वर्षांपूर्वीच तीन भरल्या असत्या, लाल खूण आली असती. तिन्ही फॉर्मवर निळा शिक्का होता, फिट. खाली सही माझी.

लॅबवर चिडणं सोपं होतं. त्या सहीकडे बघून मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. रोज गेटमधून येताना ज्याचं पोट मला दिसत होतं, त्याची कंबर बत्तीस कशी, हा प्रश्न तीन वर्षांत मला एकदाही पडला नव्हता.

"सिस्टर, लिहू नका," दत्तू हळूच म्हणाला. "यंदाचं एवढं जाऊ द्या. कायम झालो की दाखवतो डॉक्टरला."

"मी लिहिणार."

त्याचा आवाज चढला. "तुमचं काय जातंय? तुमची नोकरी पक्की हाय! अकरा वर्सं धूळ खाल्ली म्या त्या यार्डात!"

तो खरंच बोलत होता. मी तीन जुने आणि एक नवा असे चार फॉर्म उचलले आणि लेबर ऑफिसरच्या केबिनमध्ये गेले.

साहेब फोनवर होते. फोन ठेवून म्हणाले, "सिस्टर, व्हरांड्यात आरडाओरडा कशाला? लॅबवाल्याचा फोन होता."

"त्यांनी कंबर मोजलेली नाही. कुणाचीच. सगळ्यांची परत मोजायला सांगा."

"अहो, परवा यादी बोर्डापुढे आहे. कंबरेनं काय होतंय? आपल्याला काय फॅशन शो करायचाय?"

मी चारही कागद त्यांच्यापुढे ठेवले. "या माणसाला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही. हा उसाची मोळी लोकांच्या डोक्यावरून नेतो."

"मग अनफिट लिहा. विषय संपला. यादीतून नाव काढतो."

"नाव काढायचं नाही!" मी इतक्या जोरात बोलले की बाहेरचा शिपाई डोकावला. "तीन वर्षं आपण त्याला फिट म्हणालो. त्याला वेळेवर कळलं असतं तर आज डोळा शाबूत असता. चूक आपली आणि नोकरी त्याची जाणार?"

"सिस्टर, तुम्ही कुणाशी बोलताय?"

"साहेब, हे कागद मी फॅक्टरी इन्स्पेक्टरला दाखवू शकते. सही माझीच आहे, आधी मीच अडकेन. चालेल मला."

त्यांनी चारही फॉर्म माझ्याकडे परत सरकवले. मग म्हणाले, "आधी नगरला डोळे दाखवून आणा. मग बघू."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः दत्तूला घेऊन नगरला गेले. दीड तासाच्या वाटेत तो माझ्यापासून दोन सीट लांब बसला. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्यातली रक्तवाहिनी तुंबून आत रक्त उतरलंय. बीपी आणि शुगर, दोन्हींची कृपा. शुगर उपाशीपोटी, बिनचहाची, एकशे अडुसष्ट निघाली. डोळ्यात इंजेक्शनं द्यायची ठरली. थोडं सुधारेल, पूर्वीसारखं होणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले.

दत्तू कायम झाला, पण स्टोअरमध्ये. क्रेन सुटली. यार्डातलं कुणी कौतुकानं त्याच्या हाताचं नाव काढलं की तो उठून जातो, असं मी ऐकते. लॅबनं साहेबांसकट सगळ्यांच्या कंबरा परत मोजल्या, मी शेजारी उभी राहून. लाल खुणांची यादी अर्ध्या पानाची होती, ती चार पानांची झाली. लेबर ऑफिसरांचं नाव तिसऱ्या पानावर आहे.

नव्या फॉर्मवर कंबरेच्या रकान्याखाली मी एक ओळ छापून घेतली: बेंबीवर टेपने मोजणे, विचारू नये. आता सही करण्याआधी मागच्या तीन वर्षांचे फॉर्म शेजारी ठेवते. वेळ लागतो. लागू दे.

परवा दत्तू बीपी दाखवायला आला. रोज संध्याकाळी बायकोबरोबर चालतो, चहा बिनसाखरेचा झालाय, गोळ्या वेळेवर घेतो. बीपी चांगलं होतं. मी सहज विचारलं, "पोट उतरलेलं दिसतंय. पँट कितीची लागते आता?"

त्यानं शर्ट वर केला आणि उजवा डोळा माझ्यावर रोखला.

"इचारू नका, सिस्टर. मोजा."