खिडकीखालचा पांढरा ओघळ

ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही, कारण तशी तक्रार माझ्या नोकरीत ना आधी कधी आली, ना नंतर. नागपुरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. एप्रिल संपत आला होता. सकाळची हजेरी आटोपून मी केबिनमध्ये बसलो, तोच बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी हशा पिकला.

"अवं बाई, मोबाईल हरवते, गाडी हरवते. घर कसं हरवंन?" आमचे हवालदार कोणाला तरी विचारत होते.

"हरवलं नाई, तं कुठी आहे मंग? तेच तं विचारून राहिली मी," एक बाई म्हणाली. "हापिसवाले म्हणतेत, तुमच्या नावाचं घर आहे. मले तं दिसलं नाई. तुमी शोधून द्या."

मी तिला आत बोलावले. पन्नाशीची बाई, धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात आया होती. नवरा खापरखेड्याला ठेकेदाराच्या हाताखाली होता. तो वारल्यावर ती शहरात आली आणि टिनाच्या एका खोलीत भाड्याने राहू लागली. आता मालकाला ती खोली पाडायची होती. पावसाळ्याआधी खाली कर, असे त्याने बजावले होते. म्हणून तिने कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी घरकुल योजनेत अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. कारण काय, तर तिला याच योजनेत आधीच घर मिळाले होते आणि तिने त्याचा ताबाही घेतला होता.

"ताब्याच्या कागदावरची सही तुमची नाही का?"

"सही माहीच आहे साहेब. तो येत होता ना दवाखान्यात, त्यानं लय सह्या घेतल्या. मंग एक दिवस म्हणे, मावशी, तुमचा नंबर नाई लागला. पुढच्या टायमाले पाहू."

'तो' म्हणजे एक दलाल. दवाखान्यातल्या आयांचे अर्ज भरून देण्याचे पुण्यकर्म तो फुकटात करत असे. फुकट काम करणारा माणूस दिसला की पोलिसाला आधी संशय येतो. मी तक्रार अर्ज दाखल करून घेतला, घरकुल कार्यालयातून त्या घराचा पत्ता मागवला आणि हवालदारांना तिकडे पाठवले.

त्यांनी आणलेली माहिती अशी की त्या घरात शिकवणीचे क्लास चालवणारे एक सर बायकोसह राहत होते. त्यांचे म्हणणे होते की, ही बाई आमची दूरची मावशी. घर तिचेच, आम्ही तिला सांभाळतो. भांडण झाले म्हणून ती रुसून गेली आणि आता भलतेसलते बोलते आहे.

"घरगुती मॅटर आहे साहेब," हवालदार म्हणाले. "समज देऊन सोडून टाकू."

खरे सांगायचे तर ठाण्यात अशी प्रकरणे रोज येतात आणि रोज तशीच मिटतात. पण मी समोर बसलेल्या बाईकडे पाहिले. रुसलेले माणूस घरच्यांना शिव्या देते. ही शिव्या देत नव्हती, घर कोणत्या रस्त्याला आहे ते विचारत होती. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो.

शहराच्या टोकाला त्या इमारती होत्या. तिसऱ्या माळ्यावरचे घर. हवालदार आदल्या दिवशी येऊन गेले होते, त्यामुळे घर सावध होते. दोरीवर जुनेर लुगडे वाळत होते. एका लोखंडी खाटेवर गोधडीची घडी होती. खिडकीबाहेर स्टँडवर कूलर. सर नम्र होते, चहा विचारत होते.

"मावशीची खाट तशीच ठेवली आहे," ते म्हणाले. "आणि हा कूलर तिच्यासाठीच घेतला. दोन उन्हाळे झाले. त्याशिवाय तिला झोपच लागत नाही."

मी कूलरबद्दल काहीच विचारले नव्हते. खोटे बोलणारा माणूस गरजेपुरते बोलून थांबत नाही, वर एखादी चांगली गोष्ट वाढतो. पण तेवढ्यावर गुन्हा नोंदवता येत नाही. मी खाली आलो आणि टपरीवर चहा घेतला.

इथे आमच्या ठाण्याच्या भिंतीबद्दल सांगायला हवे. आमचा कूलर रोज दुपारी बादल्या ओतून भरावा लागे. बोअरचे पाणी खारट, ते गळून गळून खिडकीखाली पांढरा ओघळ उतरला होता. वार्षिक तपासणीला आलेले वरिष्ठ दर वर्षी शेरा मारत की भिंत रंगवून घ्यावी. आम्ही रंगवायचो. पुढच्या मे महिन्यात ओघळ पुन्हा हजर. नागपुरात जिथे माणूस राहतो आणि ज्याला ए.सी. परवडत नाही, तिथे हा ओघळ असतोच. त्यात शोध लावण्यासारखे काही नाही. आम्ही सगळे तो रोज बघतो, म्हणूनच तो कोणाला दिसत नाही.

चहा पिता पिता मी वर पाहिले. समोरची अख्खी भिंत ओघळांनी भरली होती. प्रत्येक खिडकीत कूलर आणि प्रत्येक कूलरखाली पांढरी रेघ. फक्त चार खिडक्यांखालची भिंत कोरी होती. त्या चारही खिडक्यांत कूलर होते, एकाच रंगाचे, एकाच बनावटीचे, नवे कोरे. सरांची खिडकी त्यातली एक.

मी हवालदारांना म्हटले, "वर बघा गा."

त्यांनी पाहिले. आधी त्यांना कळेना. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "च्यायला, हे तं कालच लावले!"

पुन्हा वर जाऊन मी कूलरमध्ये हात घातला. जाळीतले गवत कोरडे होते, टाकीच्या तळाला क्षाराचा कणही नव्हता.

"सर," मी विचारले, "मागचा उन्हाळा कशात काढला?"

सर टाकीत डोकावू लागले. त्यांच्या बायकोने मात्र नकळत दिवाणाकडे पाहिले. दिवाण उघडायला लावला. आत चादरीत गुंडाळून खिडकीतला ए.सी. ठेवला होता; गरीब मावशीच्या घरात तो शोभला नसता.

संध्याकाळपर्यंत दलाल ताब्यात होता. मुरलेला माणूस, वकिलाचे नाव घेतच आत आला. मी त्याला कागदांबद्दल काही विचारले नाही, कारण कागद त्याने पक्के करून ठेवले होते. मी त्याला ठाण्याच्या मागे नेले आणि आमच्या भिंतीवरचा ओघळ दाखवला. मग सांगितले, "तुझ्या चार घरांखाली हा का नाही, तेवढे सांग." त्याने ओघळावरून बोट फिरवून पाहिले.

"तुमचे लोक येऊन गेले, मंग चारही घरी ए.सी. काढून कूलर लावाची घाई झाली साहेब," तो म्हणाला. "दुकानवाल्याकडं एकाच मालाचे होते. कोणी भिंत पाहीन असं वाटलं नाई."

पुढचे सगळे त्याने स्वतःच सांगितले. आयांच्या नावाने अर्ज करायचे, नंबर लागला की त्यांना नाही लागला म्हणायचे आणि घर दुसऱ्याला विकायचे; आयाच्या वाट्याची रक्कम तो भरणार, वरचे पैसे दलालाला. फसवणूक आणि बनावट दस्तऐवज, गुन्हा नोंद झाला. चारही घरांचे पंचनामे झाले.

जबाबासाठी सर ठाण्यात आले, तेव्हा ती बाई बाकावर बसली होती. सरांचा संयम सुटला.

"माझी सगळी पुंजी गेली यात! या बाईने एक रुपया तरी भरला का? आणि सरकारने सूट दिली म्हणता, तीही आमच्यासारख्यांच्या टॅक्समधूनच ना? मग घर कोणाचे झाले?"

हिशेबाने पाहिले तर ते खोटे बोलत नव्हते. बाई मात्र उठली.

"सूट काहून भेटली सर? मी गरीब आहो म्हून भेटली ना? मंग गरिबी माही न् घर तुमचं, असं कसं चालंन?" मग ती माझ्याकडे वळली. "मले फुकट नाई पायजे साहेब. माह्या वाट्याचे पैसे मीच भरीन. हप्त्यानं भरीन, पण मीच भरीन."

ठाण्यात कोणी हसले नाही. हवालदारांनी स्वतः उठून तिला पाण्याचा ग्लास दिला.

पंचनामा होऊन घर मोकळे झाले तरी ते लगेच तिचे झाले नाही. सरकारी काम, खेटे घालावे लागले. मी दोन-तीनदा घरकुल कार्यालयात गेलो, आवाज चढवला, एकदा तर टेबलावर हातही आपटला. तिची टिनाची खोली पडली, तेव्हा ती दवाखान्यातल्या आयांच्या खोलीत सामान ठेवून राहिली. अखेर चारही बायकांना घरे देण्याचा आदेश निघाला, आपापला वाटा हप्त्याने भरण्याच्या अटीवर. सरांच्या पैशांचा दावा कोर्टात चालू आहे. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटत नाही असे नाही. पण स्वस्त घर घेताना ते कशाच्या जोरावर स्वस्त आहे, हे त्यांना पक्के माहीत होते.

किल्ली घेऊन ती घराकडे निघाली, तेव्हा मी बरोबर गेलो. दारात तिने चपला काढल्या. आत जाऊन ती बसली नाही, भिंतींना हात लावत फिरली, नळ सोडून पाहिला. मग खिडकी उघडून उभी राहिली. "मी इतक्या वरतून कधी पाह्यलं नाई," म्हणाली. माझे डोळे भरून आले, ते मी उन्हावर ढकलले.

परवडणाऱ्या घरांचे पैसे कोण भरतो, यावर लोक चर्चा करतात तेव्हा मी ऐकतो. सरकार भरते, करदाता भरतो, सगळे खरे आहे. पण त्या घरात शिरण्याची जी गरिबीची अट असते, तिची किंमत एखाद्या बाईने दुसऱ्यांच्या घरच्या रोग्यांची अंथरुणे बदलत जन्मभर भरलेली असते. ती किंमत कोणी दुसऱ्याच्या नावावर भरू शकत नाही. हे मला कायद्याच्या पुस्तकाने शिकवले नाही, त्या बाकावरच्या बाईने शिकवले.

मी निवृत्त झालो. मागच्या मे महिन्यात त्या बाजूला काम होते, म्हणून गाडी मुद्दाम त्या इमारतीकडे वळवली. नवा रंग दिलेला होता. सोसायटीचे अध्यक्ष खाली उभे राहून कोणावर तरी ओरडत होते. "कालपरवा रंग दिला, आणि तिसऱ्या माळ्यावरच्या बाईनं भिंत खराब करून टाकली!"

मी मान वर केली. तिच्या खिडकीखाली लांबलचक पांढरा ओघळ उतरला होता.