पांढरी वायर

माझ्या दुकानात येणारे निम्मे लॅपटॉप भुशी धरणाच्या पाण्यात भिजलेले असतात आणि उरलेले हौसेने बिघडवलेले. हौस म्हणजे लॅपटॉप एका कंपनीचा आणि आत सिस्टम दुसऱ्याच कंपनीची. ती दुसरी कंपनी स्पष्ट सांगते की हे चालणार नाही. आमच्यासारखे लोक ते चालवून दाखवतात. पडदा उजळतो, आवाज येतो, सगळं झोकात. फक्त वायफाय काही केल्या लागत नाही, कारण त्या सिस्टमला आतलं कार्डच ओळखू येत नाही. मग मी भंगारातल्या लॅपटॉपमधून काढलेलं, तिच्या ओळखीचं कार्ड बसवून देतो. कार्ड वाईट नसतं, सिस्टमही वाईट नसते, दोघांचं जमत नाही एवढंच. यावर जो विनोद सुचेल तो आमच्या वकिलाचा आधीच करून झालाय.

बायको आदल्या वर्षीच्या दिवाळीपासून औंढ्याला, माहेरी होती. दोघांच्या संमतीने घटस्फोट मागितला होता आणि शेवटची तारीख जवळ आली होती. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांना सोडून निघता येत नाही म्हणून कोर्टाने तिला घरूनच व्हिडिओवर हजर राहायची मुभा दिली होती. मागच्या वेळी ती फोनवरून आली, मध्येच रेंज गेली आणि तारीख पुढे पडली. म्हणून त्यांनी घरात वायफाय घेतलं, वकिलाने या खेपेला लॅपटॉपच लावा म्हणून बजावलं, आणि नेमकं लॅपटॉपचं वायफाय बंद. तिने सिस्टम अपडेट केली होती. नवी सिस्टम जुनं कार्ड विसरली. तो लॅपटॉप लग्नानंतर मीच हौसेने तयार करून दिलेला, त्यामुळे दुसरा कुणी त्याला हात लावेना. मेव्हणा माझ्याकडे घेऊन आला.

"दाजी, ताई म्हनली जमलं तर बगा," तो म्हणाला. मग बाहेरच्या गाड्यांकडे बघत म्हणाला, "न्हाई जमलं तर तारीख पुडं जाईल. दुसरं काय."

तो नुसतं सांगत होता की सुचवत होता, मला कळलं नाही. मी दुसऱ्या दिवशी न्यायला ये म्हटलं.

झाकण उघडलं. आत धूळ होती, औंढ्याची ओल होती. जुनं कार्ड काढलं. दुसरं घेतलं, त्याच्या एका पिनेवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला. त्या पिनेतून लॅपटॉप कार्डाला बंद राहायला सांगतो. पट्टी लावली की तो निरोप पोचत नाही. मग राहिल्या अँटेनाच्या दोन वायरी, एक काळी, एक पांढरी. त्या कार्डावर नखाने दाबून बसवायच्या असतात. पांढरी नुसती टेकवून ठेवली असती तरी दुकानात सगळं ठीक दिसलं असतं. औंढ्याच्या जाड भिंतीआड मात्र चित्र अडकलं असतं, आवाज तुटला असता, आणि आणखी काही महिने ती माझी बायको राहिली असती. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

मला ती हवी होती. हे मी तेव्हाही स्वतःशी सरळ म्हणालो, आणि म्हटल्यावरही आत काही हललं नाही. दाढ काढायला भूल दिल्यावर जीभ सारखी तिथे जाते आणि काहीच लागत नाही, तसं चाललं होतं गेले कित्येक महिने. मी वायर दाबली. टक् झालं. मोठ्या मनाने वगैरे नाही. अर्धवट बसवायची हाताला सवय नाही. मग लॅपटॉप उचलून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो, तिथेही रेंज पुरी होती. मेव्हण्याला तसं सांगितलं, तेव्हा तो नुसता बरं म्हणाला.

तारखेला वडगावच्या कोर्टात मी एकटाच उभा होतो. भिंतीवरच्या पडद्यावर ती आली. केस घट्ट बांधलेले, मागे वडिलांच्या खाटेचा कोपरा. न्यायाधीशांनी तिला विचारलं की हा निर्णय तुमच्या खुशीने आहे का. ती हो म्हणाली. मग त्यांनी मला तेच विचारलं. मी तोंड उघडणार तोच खाटेवरून म्हाताऱ्याचा आवाज आला, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल इतका स्वच्छ.

"कोन हाय गं? पाव्हनं हायेत का?"

पाव्हनं म्हणजे मी, जावई. त्यांना अजून कुणी काही सांगितलेलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. तिने मागे वळून बघितलं नाही. "न्हाई आबा, हापिसाचं काम हाय," ती म्हणाली.

"मग ते कवा यायचं?"

न्यायाधीश माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणालो. माझा आवाज तिकडे पोचला असणार, कारण म्हातारा खुशीत म्हणाला, "हे काय, बोलत्यात की."