हुंकाराची परवानगी

लातूर नुकतेच जिल्हा झाले होते. एस.टी. थांबली तेव्हा कचेरीच्या नव्या पाटीचा रंग अजून ओला होता. त्या दुष्काळी उन्हाळ्यात, नजर जाईल तिथवर, तेवढीच ओल.

पुण्याच्या एका संस्थेकडून मी स्मरणशक्तीची परदेशी चाचणी घेऊन कंधारकडे निघाले होते. एक गोष्ट वाचून दाखवायची, समोरच्या बाईने ती पुन्हा सांगायची, तपासनिसाने तोंड मिटून ऐकायचे. नव्या बालवाड्यांच्या शिक्षिका गावातल्या बायकांतून घ्यायच्या की शहरातून पाठवायच्या, हे निकालावर ठरणार होते. मूळ गोष्टीत बर्फ पडे. पुण्यात त्याचा पाऊस केला होता.

कंधारजवळच्या गावी भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसाल्याची) आमटी जेवले. खमंग, धुरकट, दातांखाली किंचित धूळ. मग बांगड्या विकणाऱ्या हलीमाबी समोर येऊन बसल्या. बालवाडीतले काम त्यांना हवेच होते. गल्लीतली लेकरे त्यांच्या गोष्टीशिवाय झोपत नसत. शेजारच्या गंगूबाई नुसत्याच आल्या होत्या.

मी गोष्ट वाचली. हलीमाबींनी सुरुवात केली, "एक म्हातारी हुती. पावसात निघाली." आणि थांबल्या.

"पाऊस!" गंगूबाई म्हणाल्या. "ह्ये तर खोटंच हाय."

मी नियमाप्रमाणे गप्प. हलीमाबी माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"बाई, तुमी आयकून राहिल्या का न्हाई?"

"ऐकते आहे."

"मंग हुंकार द्या की! बिनहुंकाराची गोष्ट काय भिताडाला सांगू?"

"उघड्या डोळ्यांनी झोपल्या आसतील, हलीमा," गंगूबाई म्हणाल्या. "लई लांबून आल्यात."

थांबल्या जागी गुण मांडले असते, तर हलीमाबींची स्मरणशक्ती दोन वाक्यांची ठरली असती. मी "हं" म्हटले. गोष्ट उठून चालू लागली. म्हातारी, काठी, वाटेतले कुत्रे, बंद दार, सारे आपापल्या जागी आले. दाराची कडी हलीमाबींच्या मनगटावर वाजली.

पुण्याला परतल्यावर संस्थेतले सर माझी टिपणे वाचून म्हणाले, "तपासनीस बोलला. ही चाचणी बाद."

मी त्यांना सारी हकिगत सांगू लागले. "हलीमाबी थांबल्या," मी म्हणाले. "हं," सर म्हणाले. "माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या," मी पुढे सांगितले. "हं."

तिसऱ्या हुंकाराला सरांना आपलाच आवाज ऐकू आला. सरांनी चष्मा पुसला.

हलीमाबींचे गुण राहिले. आठवण एकट्या माणसाच्या डोक्यात असते, असे आमची पुस्तके सांगतात; तिचा निम्मा भाग ऐकणाऱ्याच्या कंठात असावा. लातूरकडच्या ज्या बायका आधीच्या फेरीत चाचणीत नापास ठरल्या होत्या, त्यांच्यापुढे आमचे तपासनीस अत्यंत शिस्तीने गप्प बसले होते. मी पुन्हा तिकडची गाडी धरली. या खेपेस तोंड उघडण्याची लेखी परवानगी सोबत होती.