कुंडीतली अर्थिंग

लहानपणी दाराआड उभी असताना तिच्या कानी आईवडिलांचं भांडण पडलं. वडिलांनी भिंतीला नवी फळी ठोकली होती.

"हलवून बघितलीत का?"

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे हो. फळीवर नाही."

वडिलांनी रागाने दार आपटलं, तशी फळी डब्यांसकट खाली आली. वडील पिठात न्हाले. पोरगी हसून लोळली, पण तेव्हापासून हलवून बघितल्याशिवाय ती खुर्चीवरसुद्धा बसली नाही. पाहायला आलेल्या मुलाचीही खुर्ची तिने हलवली, तो वर बसलेला असताना. तरी त्याने होकार दिला, म्हणजे गडी पक्का.

नोकरीही तिला साजेशी मिळाली. घरांवर सोलर बसवणाऱ्यांचं काम तपासायचं आणि चोख असेल तर प्रमाणपत्र द्यायचं. लोक तिला हलवूताई म्हणत.

धाकटा भाऊ त्याच धंद्यात शिरला. प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी त्याने होणाऱ्या सासऱ्यांच्या गच्चीवर पॅनेलं बसवली. सासऱ्यांनी बजावलं होतं, "आधी प्रमाणपत्र, मग मुलगी." ऑफिसात तपासनीस एकटी ताईच, त्यामुळे स्वारी निर्धास्त.

ताईने सांगाडा हलवला. जागचा हलेना. मग अर्थिंगच्या तारेवर बोट ठेवून ती निघाली, ती थेट गुलाबाच्या कुंडीपाशी पोचली.

"हे काय रे?"

"तूच म्हणालीस ना, सळई ओल्या मातीत ठोक. रोज पाणी घालतो मी."

"आणि कुंडी कशावर आहे?"

"स्टुलावर."

ताईने स्टूल हलवलं. डुगडुगलं.

"सळई अंगणात, जमिनीत खोल जायला हवी, शहाण्या. नापास."

"ताई, लग्न अडलंय गं माझं."

"म्हणून तर. सासरे शॉक लागून गेले, तर मुलगी कोण देणार?"

जिन्यात उभे असलेले सासरे म्हणाले, "ताईंचं ऐका जावईबापू. मला नातवंडं बघायचीत."

'जावईबापू' ऐकून गडी पाघळला. तसाच अंगणात उतरला आणि खणायला लागला. होणारी बायको सळई धरून उभी, हसू दाबत. दुसऱ्या खेपेला पास झाला, बोहल्यावर चढला.

ताईच्या नोकरीतलं शेवटचं काम त्याच घरचं निघालं. पॅनेलं बदलली होती, भावाचं पोट सुटलं होतं.

"आज तरी नुसती सही कर गं."

"करते की."

ती गच्चीवर चढली, सांगाडा हलवला, तारेमागून अंगणात आली, सळई हलवली. मग सहीसाठी टेबल ओढलं, तेही हलवलं, पायाखाली कागदाची घडी सरकवली आणि सही केली.